ओपलच्या वेण्या सोडायचा ब्रश

गुरुवारी ड्रुसिला मावशीने फोनवर निर्वाणीचं सांगितलं.

"नोरा, शनिवारी संध्याकाळपर्यंत त्या पोरीच्या वेण्या सुटल्या नाहीत तर मी कात्री लावणार. इस्टरच्या दिवशी सगळ्या चर्चसमोर असलं डोकं मी उभं करणार नाही. मग ती माझ्या सख्ख्या बहिणीची नात का असेना."

आमच्या चर्चमधला मुलांचा इस्टरचा कार्यक्रम तेवीस वर्षं मावशीच्या हातात आहे. कोणी कुठल्या ओळी म्हणायच्या, कोणी कुठले मोजे घालायचे, सगळं ती ठरवते. एका वर्षी पुढचे दोन दात पडले म्हणून तिने एका देवदूताला खाली उतरवून कबरीवरचा दगड केलं होतं. तेव्हा तिचं बोलणं मी धमकी म्हणून घेतलं नाही, वेळापत्रक म्हणून घेतलं.

ओपल माझी मुलगी, सात वर्षांची. तिच्या डोक्यावर एकवीस वेण्या होत्या. फेब्रुवारीतल्या पहिल्या शनिवारी माझ्या आईने त्या घातल्या, आणि पुढच्या मंगळवारी आई गेली. एरवी दोन आठवड्यांनी आई वेण्या सोडायची, केस धुवायची, नव्या घालायची. या वेळी नऊ आठवडे झाले होते. मुळाशी नवे केस वाढून त्यांचं नमद्यासारखं काहीतरी झालं होतं. ओपल वर्गात पेन्सिलीने डोकं खाजवते, अशी बाईंची चिठ्ठीही येऊन गेली होती.

"सोडू या का गं?" असं मी एकदा विचारलं होतं.

"मग परत कोण घालणार?"

"मी."

तिने माझ्या डोक्याकडे पाहिलं. माझे केस बोटाच्या पेराएवढे आहेत. कॉलेजात असताना कापले ते कापलेच. आई तेव्हा म्हणाली होती, "बरं झालं, आत काय चाललंय ते आता लोकांना ऐकू तरी येईल." ओपलने तेवढंही म्हटलं नाही.

"या आजीने घातल्यात," ती म्हणाली. "सोडल्या की संपल्या."

यात खोटं काही नव्हतं. म्हणून मीही पुन्हा विषय काढला नाही.

शनिवारी सकाळी आम्ही तिघी यूनबाईंच्या दुकानात गेलो. मेकन शहराच्या आमच्या भागात केसांचं जे काही लागतं ते तिथेच मिळतं. तेलं, विग, गंगावनं, आणि मागच्या भिंतीवर जमिनीपासून छतापर्यंत नुसते ब्रश आणि कंगवे. मी ग्रंथालयात काम करते. आठवडाभरात केसांवरची तीन पुस्तकं वाचून मी टिपणं काढली होती. टिपणांत बट म्हणजे काय, गुंता कसा होतो, ओला केस किती ताणतो, सगळं होतं. कुठला ब्रश घ्यावा ते मात्र तिन्ही पुस्तकांत वेगवेगळं होतं.

"लवचीक दात्यांचा घ्यावा असं एकीचं म्हणणं आहे," मी कागद बघत म्हटलं. "दुसरी म्हणते, ब्रश घेऊच नये, बोटांनी सोडवावं."

"दुसरीला पोरं नसणार," मावशी म्हणाली.

तिने भिंतीवरून एक पाकीट ओढलं आणि दातांनी फाडलं.

"ड्रुसिलाबाई!" गल्ल्यामागून यूनबाईंचा आवाज आला. बावीस वर्षं दुकान चालवून त्यांना पाकीट फाटल्याचा आवाज झोपेतही ओळखू येत असावा. "उघडलं की घेतलं. पाटी वाचा."

"वाचली. पारखल्याशिवाय कसं घेऊ? टरबूज घेताना टिचकी मारून बघतेच ना?"

"टरबूज डोक्यात घालत नाहीत."

मावशीने इकडेतिकडे पाहिलं आणि डोक्यावरचा विग काढून डाव्या मुठीवर चढवला. डोक्यावर नुसती तपकिरी जाळी राहिली. शांपूच्या फळ्यांपाशी एक तरुण नवराबायको उभी होती. त्यांनी अदबीने पाठ फिरवली. मावशीने विगवरून ब्रश फिरवला. सुळकन खाली आला.

"हा उत्तम आहे."

"मावशी, विगचे केस सरळ आहेत."

"मग? मूठ तर आपल्याच घराण्याची आहे."

अशा रीतीने चार ब्रश उत्तम ठरले, म्हणजे चार पाकिटं फाटली. ओपल प्रत्येक ब्रश हातात घेऊन बघत होती आणि नको इतकी गोड वागत होती. विशेषतः एक जांभळा ब्रश तिला फार आवडला. त्याचे दाते दाट होते आणि मुठीवर शिंगवाला घोडा होता.

"हाच घेऊ या ना, आई. किती छान आहे. याने पटकन होईल."

नऊ आठवडे डोक्याला हात लावू न देणारी मुलगी पटकन होण्याची भाषा करते आहे, हे माझ्या ध्यानात यायला हवं होतं. नाही आलं.

यूनबाई शेवटी स्वतःच आल्या. चष्म्यावरून ओपलच्या डोक्याकडे त्यांनी बराच वेळ पाहिलं.

"अर्लीनबाईंच्या हातच्या?"

"हो, आईच्याच."

वरच्या आकड्यावरून त्यांनी एक साधा ब्रश काढला. काळी मूठ, लाल रबर, त्यावर नायलॉनच्या दात्यांच्या नऊ ओळी.

"त्या हाच न्यायच्या. दर वर्षी एक. दुसरं काही दाखवू दिलं नाही कधी."

मी तो घेतला. आईने पारखलेला म्हटल्यावर बोलायला जागाच नव्हती. फाडलेले चारही यूनबाईंनी त्याच पिशवीत भरले.

घरी येऊन मी स्वयंपाकघरात खुर्ची मांडली. ओपल माझ्या गुडघ्यांमध्ये खाली उशीवर बसली. आमच्यात मुलीची वेणीफणी अशीच करतात. मीही आईच्या गुडघ्यांत अशीच बसलेली आहे, दर शनिवारी, अठरा वर्षं. वरून कसं दिसतं ते मात्र त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

"कुठली आधी?" मी विचारलं.

"तुला हवी ती," ती अगदी शांतपणे म्हणाली.

कपाळाच्या उजव्या बाजूची वेणी मी सोडली. पाण्याने भिजवली, कंडिशनर चोपडलं, पुस्तकात सांगितल्याप्रमाणे टोकापासून सुरुवात केली. ब्रश अर्धा इंच गेला आणि थांबला. जरा जोर लावला तर ओपल अशी किंचाळली की शेजारच्या टर्नरकाकांचा कुत्रा भुंकायला लागला. मी घाबरून हात सोडला. ब्रश पडला नाही. कानाशेजारी तसाच लटकत राहिला.

"दुसरा आण, तो लवचीक," मावशी म्हणाली. लवचीक इतका वाकला की त्याचे दाते छताकडे बघू लागले. तिसऱ्याचा एक दाता उडून साखरेच्या डब्यात पडला. शिंगवाला घोडा मुठीसकट माझ्या हातात आला आणि ब्रश केसांत राहिला.

"सरक, मी या बाजूने घेते," म्हणत मावशी कंगवा घेऊन पुढे झाली, आणि विजेचा धक्का बसावा तसा तिने हात मागे घेतला. एका डोक्यात दोघींनी एकाच वेळी कंगवा घालायचा नसतो. दोघींतली धाकटी लवकर मरते, असं आमच्याकडे मानतात. दोघींतली धाकटी मी होते.

"देवा, थोडक्यात वाचलीस," मावशी म्हणाली आणि पाणी प्यायला बसली.

ओपलच्या डोक्यात आता दोन ब्रश लटकत होते. ती रडत होती. पण समोर टेकवून ठेवलेल्या आरशातून मला दिसत होतं, रडणं संपलं की ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी वेगळंच यायचं. जिंकत आलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर असतं तसं.

मावशीने कात्री काढून टेबलावर ठेवली.

"झालं. माझी बहीण होती, गेली बिचारी, पण खरं ते बोललंच पाहिजे. अर्लीननेच वाट लावली पोरीच्या केसांची. कसला ब्रश वापरायची ठाऊक आहे का तुला? घर आवरताना मला सापडला. अर्धे दात पडलेले! भिकाऱ्याच्या कुत्र्यालाही कोणी असला लावणार नाही. मी तेव्हाच कचऱ्यात टाकला. असल्या फुटक्या ब्रशाने केस तुटणार नाहीत तर काय होणार?"

"फुटका नव्हता!"

ओपल उठून उभी राहिली. दोन्ही ब्रश तिच्याबरोबर उठले.

"दात पडले नव्हते! आम्ही काढले होते! एक ओळ ठेवायची, एक काढायची. मग केसांना मधून जायला रस्ता मिळतो. आजीची बोटं दुखायची म्हणून मी काढायचे. दर वर्षी मीच काढायचे! आजीने माझा एक पण केस तोडला नाही. तुला काही माहीत नाही, मावशीआजी!"

आपण काय सांगून बसलो ते ओपललाही एव्हाना कळलं होतं. तिने तोंडावर हात ठेवला.

"तुला दुकानातच माहीत होतं," मी म्हटलं.

तिने मान डोलावली, तसे दोन्ही ब्रशही डोलले.

"म्हणून तो जांभळा आवडला होता?"

"त्याने काहीच सुटलं नसतं," ती हातामागून म्हणाली.

मावशीने कात्री उचलली, ड्रॉवरमध्ये टाकली आणि ड्रॉवर बंद केला. नंतर कितीतरी वेळ ती नळाखाली हात धूत होती. हात स्वच्छच होते.

काळा ब्रश मी केसांतून मोकळा केला. ओपलने तो माझ्या हातातून घेतला, लाल रबर मुठीच्या खाचेतून सरकवून बाहेर काढलं, उलटं केलं आणि अंगठ्याने दात्यांच्या ओळी मागच्या बाजूने ढकलून बाहेर काढू लागली. दुसरी, चौथी, सहावी, आठवी. रबर परत खाचेत बसवलं. हे सगळं पाच मिनिटांत. मावशी चष्मा लावून बघत होती.

"मी एक ठेवणार," ब्रश हातात घट्ट धरून ओपल म्हणाली. "नाहीतर देत नाही."

"एक काय?" मावशी म्हणाली.

"वेणी. आजीची."

"इस्टरला? नव्या पांढऱ्या फ्रॉकवर? वीस मोकळ्या आणि एक शेवाळलेली?"

"मग पाच ठेवते."

"एक," मावशी घाईने म्हणाली. "मागे. मानेवर. समोरून दिसता कामा नये."

"डाव्या कानामागे."

"कानामागे, पण खाली."

सौदा पटला. ओपल पुन्हा माझ्या गुडघ्यांमध्ये बसली आणि या वेळी कुठली वेणी आधी ते तिनेच सांगितलं. ब्रश अडला की ती म्हणायची, "मनगट वळव. ओढू नकोस, वळव." वीस वेण्यांना पाच तास लागले. नऊ आठवड्यांचा गुंतवळ निघाला तो एखादी खार झोपावी एवढा. मावशी तो पाहून आधी दचकली, "पोर टकली झाली गं!" मग तिचं तिलाच आठवलं की नऊ आठवडे गळलेले केस जाणार कुठे? तो फेकून देणं तर शक्यच नव्हतं. चिमणीने घरट्याला नेला तर जन्मभर डोकं दुखतं. मावशीने तो अंगणातल्या शेगडीवर जाळला. टर्नरकाकांनी कुंपणावरून विचारलं, "ड्रुसिला, मांस करपलं वाटतं?"

"आमचं आम्ही बघू," मावशी म्हणाली.

रविवारी मुलांच्या ओळी सुरू झाल्या. ओपल पांढऱ्या फ्रॉकमध्ये पुढे आली. डोक्याभोवती मोकळ्या केसांचा मोठा काळा ढग होता. तिला आठच ओळी होत्या, आईने जानेवारीतच पाठ करून घेतलेल्या. चौथ्या ओळीला ती अडली. बाकांवरून नेहमीचे आवाज आले, "सावकाश, बाळा, सावकाश." पण तिच्या मागच्या बाजूला, जिथे गाणारी मंडळी बसतात, तिथे कुजबुज सुरू झाली होती. मावशीने समोरून दिसता कामा नये अशी अट घातली होती. मागे चौतीस माणसं बसतात हे ती विसरली होती. मी तिच्याकडे पाहिलं. ती छताकडे बघत होती. ओपलने पाचवी ओळ आधी म्हणून मग चौथी म्हटली आणि खाली बसली. टाळ्या कोणाला कमी पडत नाहीत आमच्याकडे.

नंतर जेवणाच्या हॉलमध्ये गायकांतल्या बायका एकेक करून आल्या. हातात बशी, बशीत बटाट्याचं सॅलड. कोणी काही विचारलं नाही. ओपलला वळायला सांगायच्या, एका बोटाने ती वेणी जराशी उचलायच्या आणि परत ठेवायच्या. चौथ्या बाईनंतर मावशीच तिला खांद्याला धरून वळवायला लागली.

"बघ ना, नऊ आठवडे झाले, पीळ हललाय का कुठे? डावखुरी होती अर्लीन. तिचा पेड उलट्या बाजूने पडायचा. असा हात आता कोणाचा नाही." आणि माझ्याकडे बघून, "हिचा तर नाहीच."

ते खरं होतं. सोमवारी मी घातलेल्या वेण्या बुधवारी शाळेतच सुटल्या. पुन्हा घातल्या, त्या शुक्रवारी सुटल्या.

शनिवारी दुपारी ओपल काळा ब्रश घेऊन माझ्या खोलीत आली आणि पाठ करून खाली बसली. मी ब्रश हातात घेतला.

"तो नंतर," ती म्हणाली. "आधी पुढे ये. तू चुकीच्या बाजूने सुरू करतेस म्हणून त्या सुटतात. आजी कशी घालायची ते बघायचंय ना तुला?"

"कसं बघणार?"

तिने डाव्या कानामागे हात नेला आणि वेणीच्या टोकाचा लाल मणी काढून माझ्या हातात ठेवला.

"आता सोडते. एकेक पेड. नीट बघ, एकदाच होणार आहे."

मी जमिनीवर तिच्याशेजारी बसले. पहिला पेड सुटला. डावा वरून नाही, खालून आला होता. दुसरा सुटला.

"जरा हळू," मी म्हटलं.

"हळूच सोडतेय," ओपल म्हणाली.