दोन हजार चव्वेचाळीसचा नवस

नेल्लीकट्टे देवळाच्या नव्या वेबसाइटवर मोनप्पा शेट्टीगार यांचा नवसाचा यक्षगान-खेळ १९०७ साली पार पडल्याची नोंद दिसत होती. मोनप्पांचं वय एकोणऐंशी. मुलीने, सुमतीने, फोनवर ती नोंद वाचून दाखवली तेव्हा त्यांनी धोतर बदललं आणि बस पकडून थेट देवळाचं ऑफिस गाठलं.

व्यवस्थापक सुब्राय अडिगा पावत्यांवर शिक्के मारत होते. वेबसाइट बनवणारी सुप्रभा कोट्यान समोरच लॅपटॉप उघडून बसली होती.

“अडिगरे, माझा खेळ झाला म्हणे,” बाकावर टेकत मोनप्पा म्हणाले. “मी जन्मायच्या आधीच उरकलात. निदान जेवायला तरी बोलवायचं.”

“कोण म्हणालं?”

“तुमचा कंप्यूटर.”

अडिगांनी शिक्का खाली ठेवला आणि सुप्रभाकडे पाहिलं. ती आधीच पडद्यात डोकं घालून बसली होती.

नेल्लीकट्टेच्या देवीची स्वतःची यक्षगान मंडळी आहे. नवस फेडायचा तर ही मंडळी आपल्या अंगणात आणायची, खेळ करवायचा, गावाला जेवू घालायचं. मोसमात रोज एक खेळ होतो, आणि नवस बोलणारी घरं इतकी की आज नाव घातलं तर पाळी वीस-पंचवीस वर्षांनी येते. याचं इथे कुणाला नवल नाही. सुप्रभाने घेतलेल्या तयार यंत्रणेला मात्र हे झेपेना. पहिल्या खेपेला पुढच्या तारखांच्या सगळ्या नोंदी गायब झाल्या. पुढची तारीख दिसली की मजकूर त्या दिवसापर्यंत झाकून ठेवायचा, अशी त्या यंत्रणेची मूळ शिस्त. मग सुप्रभाने कार्यक्रमांच्या तारखा सांभाळणारं एक जुनं प्लगइन जोडलं. त्यात वर्षांची यादी दहा वर्षांवर संपत होती. तिने ती वाढवली. आता हे.

“हे प्लगइन तारीख सेकंदांत मोजतं, अज्जा,” ती म्हणाली. “दोन हजार अडतीस सालात त्याची मोजायची जागा भरते. पुढची तारीख घातली की ते उलटून मागच्या शतकात जातं.”

“म्हणजे अडतिसात जग बुडणार?”

“जग नाही. प्लगइन.”

“बनवणाऱ्याला वाटलं असेल, एवढ्या पुढचं कोण ठरवून ठेवतंय,” अडिगा म्हणाले. “आपल्याकडे आला नसेल कधी.”

सुप्रभाने ते प्लगइन काढून टाकलं आणि खेळांच्या नोंदींसाठी स्वतःचं लिहायला घेतलं. तारीख साध्या तारखेसारखी ठेवणारं, साल कितीही पुढचं असलं तरी न अडखळणारं. मोनप्पा पुढच्या आठवड्यात पुन्हा आले तेव्हा तिने त्यांना पडदा दाखवला. मोनप्पा शेट्टीगार, गाव इन्ना, जानेवारी २०४४.

मोनप्पांनी वाकून साल वाचलं.

“एकोणीसशे सातच बरं होतं, पोरी,” ते म्हणाले. “झालेला तरी होता.”

सुमती बाळंतपणात अडली तेव्हा त्यांनी नवस बोलला होता. आई आणि बाळ दोघंही वाचली. नाव घालताना ते स्वतः ताठ होते, वीस वर्षं म्हणजे काय हे हिशेबात आलं नव्हतं. आता त्यांना एवढंच हवं होतं, की मंडळीबरोबर येणारी देवीची पेटी आपल्या अंगणात उतरलेली डोळ्यांनी बघावी.

“तू केलंयस ना हे सगळं? मग चव्वेचाळीसचं साल जरा अलीकडे ओढलंस तर काय बिघडतं?”

आकडा बदलणं सुप्रभाच्या हातात होतं. तिने लॅपटॉप अडिगांकडे वळवला.

“मोनप्पा, तुम्ही पुढे सरकलात की मधला प्रत्येक जण मागे जातो,” अडिगा शांतपणे म्हणाले. “माझा सख्खा मेहुणा एकेचाळीसमध्ये आहे. घरी जेवताना रोज ऐकून घेतो मी.”

“आणि दोन घरांनी आपसांत अदलाबदल केली तर?” सुप्रभाने विचारलं. “मधल्या कुणाची तारीख हलत नाही.”

“जवळची तारीख देऊन चव्वेचाळीस घेणारा कोण भेटणार तुला?”

“भेटला नाही तर नाही.”

अडिगांनी विचार केला. अटी घातल्या. देणाऱ्याने आपण होऊन दिली पाहिजे. कुणाला द्यायची ते त्यानेच सांगायचं. दोन्ही घरांनी देवीसमोर येऊन बोलायचं. सुप्रभाने आपल्या प्लगइनला अदलाबदलीची जोड दिली आणि त्यात नवस बोलणाऱ्याचं वय विचारणारी एक ओळ ठेवली. दसऱ्यापर्यंत बऱ्याच घरांनी जवळची तारीख मागितली. द्यायला एकही पुढे आलं नाही. मोनप्पा देवळात आले की खिडकीतून आत डोकावत. “आलं का कुणी?” सुप्रभा मान हलवी. “असू दे,” म्हणत ते गोळीबजे खायला समोरच्या हॉटेलात जात.

मोसम सुरू झाल्यावर बंगळूरहून निश्मिता आळ्वा हिची नोंद आली. तिच्या आजोबांनी घातलेली येत्या फेब्रुवारीची तारीख होती. उन्हाळ्यात तिचे वडील गेले. या वर्षी घरात खेळ करायचा नव्हता. अडिगांनी फोन लावला तेव्हा तिने एकच विचारलं, मागणाऱ्यांत सगळ्यांत म्हातारं कोण?

ठरल्या दिवशी दोन्ही घरं देवीसमोर बोलली आणि ऑफिसात येऊन बसली.

“चव्वेचाळीस म्हणजे काय, माहीत आहे ना?” मोनप्पांनी निश्मिताला विचारलं. “मी नसेन.”

“मी असेन की, अज्जा. माझी मुलगी आत्ता चार वर्षांची आहे. तोवर तिला कळायला लागेल, कशासाठी करतोय ते.”

“आणि मांडव, स्वयंपाक, माणसं? तुझे वडील नाहीत. एकटी करणार?”

“तेव्हाचं तेव्हा.”

मोनप्पांनी सुमतीकडे पाहिलं. सुमतीने मान डोलावली.

“चव्वेचाळीसच्या तारखेवर आमचंही घर घाला,” मोनप्पा अडिगांना म्हणाले. “पाळी आमची होती. ती हिच्या गळ्यात घालून आम्ही मोकळं व्हायचं, हे काही बरं नाही. सुमतीची पोरं येतील, पानं वाढतील.”

“एका खेळाला एकच घर असतं, मोनप्पा.”

“देवी म्हणाली?”

अडिगांनी सुप्रभाला विचारलं, “तुझ्या प्लगइनमध्ये काय आहे?”

“एकाच घराची जागा आहे. तुम्हीच सांगितलं होतं.”

“दोन होतील?”

“होतील. अजून वाढवायची सोय ठेवू?”

“दोनच,” अडिगा म्हणाले. “नाहीतर माझा मेहुणा येईल.”

निश्मिता हसली. वरचं नाव कुणाचं, असं सुप्रभाने विचारलं, तेव्हा मोनप्पांनी हाताने निश्मिताकडे दाखवलं. खाली त्यांनी आपलं न घालता सुमतीचं नाव घालायला लावलं. मग ते उठले. फेब्रुवारीत अंगणात चवळी उभी असते, यंदा पेरू नका म्हणून घरी सांगायला हवं होतं, आणि दुपारची बस चुकली तर पुढची थेट संध्याकाळी होती.