शिंप्याच्या खोक्यावरचा ठसा

मी एक जुना रबरी शिक्का आहे आणि मित्रांनो, माझा पार गोंधळ उडाला आहे. माझी मूठ लाकडी आहे. खालच्या रबरावर मधोमध क्रूस आणि कडेने आमच्या मिशनचं नाव-पत्ता कोरलेला आहे.

ख्रिस्तावर श्रद्धा ठेवली म्हणून ज्यांना मारहाण होते, तुरुंगात टाकलं जातं, अशा दूरदेशीच्या कुटुंबांना आमचं मिशन मदत करतं. दर गुरुवारी दुपारी चर्चमागच्या खोलीत मंडळी जमतात. आधी प्रार्थना होते, मग चादरी, औषधं, मुलांचे स्वेटर खोक्यांत भरले जातात. खिडकीजवळच्या टेबलावर देणगीदारांना पाठवायची आभारपत्रं असतात, तिथे माझं राज्य. भिंतीकडच्या टेबलावर ती खोकी, तिथे मला सक्त बंदी. चांगलं काम करायचं आणि वर नाव लपवायचं, हे माझ्या डोक्यात कधी शिरलंच नाही. माझा ठसा किती स्वच्छ उमटतो, असं सगळे म्हणायचे आणि मी भाव खायचो.

एका गुरुवारी टपालमामा मदतीला आले. पोस्टात चौतीस वर्षं घालवलेला माणूस. जित्याची खोड! एका शिंप्याच्या बायकोला जाणाऱ्या खोक्यावर त्यांनी माझा ठसा दणकन उठवला. घरात प्रार्थना घेतली म्हणून तो शिंपी तुरुंगात होता आणि पुढच्याच महिन्यात सुटणार होता.

खोकं रवाना झाल्यावर मामा सहज म्हणाले, "त्या खोक्यावर शिक्का दिसला नाही, मारून टाकला."

"अहो मामा!" खोकी भरणाऱ्या नर्सबाई ओरडल्याच. "ते पोलिसांच्या हाती लागलं तर? परदेशी मिशनशी संबंध आहे म्हणून त्या बिचाऱ्याला सोडायचे नाहीत!"

"हात आपोआप चालला हो," मामा पुटपुटले. त्या दिवसापासून मी खणात बंद झालो. गुन्हा माझा की हाताचा, मला कळेना.

तीन महिन्यांनी एका प्रवाशाबरोबर शिंप्याच्या बायकोचं पत्र आलं. आमच्या पाळकसाहेबांनी ते मोठ्याने वाचलं, म्हणून मला खणातही ऐकू आलं.

"खोक्यामुळे घरी पोलीस आले. ह्यांची सुटका सहा महिने लांबली. तुमचा फार राग आला मला. पण चौकशीत पोलिसांनी खोक्याचं शिक्का असलेलं झाकण ह्यांच्यापुढे धरलं आणि विचारलं, हे कोण? मी भेटीला गेले तेव्हा हे म्हणाले, बाहेर कुणीतरी आपली आठवण ठेवतंय, हे मला त्या दिवशी कळलं. खोकी पाठवत राहा. नाव तेवढं घालू नका."

टपालमामा ढसाढसा रडले. मी मात्र अजून चाचपडतो आहे. लाज वाटू द्यावी की आनंद मानावा? माझ्यामुळे त्याला आधार मिळाला, हे खरं. पण तो अजून तुरुंगात आहे, तेही माझ्याचमुळे.

मित्रांनो, कुणाला हात द्याल तेव्हा आपलं नाव पुढे करण्याआधी त्याच्या जिवाचा विचार करा. मला खणात राहू द्या, माझी तक्रार नाही. त्या शिंप्यासाठी मात्र प्रार्थना करा. त्याचे अजून चार महिने बाकी आहेत.