बाईंच्या डाव्या कानातला मी

मित्रांनो, मी एक जुना इअरपीस आहे. टीव्हीवर चर्चा चालते तेव्हा बोलणाऱ्याच्या कानात एक पारदर्शक बूच दिसतं ना, तो मी. आतल्या खोलीत बसलेला निर्माता बोलतो आणि मी ते एकाच कानात पोचवतो.

माझा साचा बाईंच्या डाव्या कानावरून घेतला. कारागिराने कानात मऊ लगदा भरला, घट्ट झाल्यावर अलगद काढला आणि त्याबरहुकूम मला घडवलं. म्हणून मी दुसऱ्या कुणाच्या कानात बसत नाही. कुणी याला खोड म्हणेल, मी इमान म्हणतो.

बाई मुळात वर्तमानपत्रात राजकारणावर स्तंभ लिहायच्या. वाहिनीने त्यांना विश्लेषक म्हणून बोलावलं तेव्हा तिथले जुने पंडित कुरकुरले, "कानामागून आली आणि तिखट झाली."

"तिखट मी आधीपासूनच आहे," बाई म्हणाल्या, "तुम्ही चाखलं उशिरा."

निर्माता सतत माझ्यातून टोचायचा. "बाई, आवाज चढवा. त्यांना मध्येच तोडा." उजवा कान मोकळाच असल्यामुळे बाई बरंचसं तिकडून सोडून देत. निकालाच्या दिवशी मात्र आमची जोडी जमायची. आकडे मी सांगायचो, अर्थ त्या सांगायच्या. लोक वाहवा करत. कार्यक्रम संपला की बाई मला कापसाने पुसून डबीत ठेवत. फार सुखाचे दिवस होते ते.

मग एका वस्तीवर पाण्याची नवीकोरी टाकी कोसळली. माणसं गेली. टाकीचं कंत्राट पाणीपुरवठा मंत्र्यांच्या मेव्हण्याचं होतं, हे बाईंनी स्तंभात पुराव्यानिशी लिहिलं. त्याच आठवड्यात मंत्री चर्चेला आले.

"बाई, मेव्हण्याचा विषय नको. वरून निरोप आहे," निर्माता माझ्यातून म्हणाला.

बाईंनी तोच विषय काढला.

"थांबा. पुढच्या आठवड्यात कार्यक्रमात राहायचंय ना तुम्हाला?"

हे वाक्य माझ्या नळीतून गेलं, मित्रांनो, आणि मला माझी शरम वाटली. बाईंनी शांतपणे हात वर नेला, मला कानातून काढलं आणि कॅमेऱ्यासमोर टेबलावर ठेवलं.

"टाकीची तपासणी झाली नव्हती," त्या मंत्र्यांना म्हणाल्या. "मग पाणी भरायला परवानगी कुणी दिली?"

"चौकशी चालू आहे."

"परवानगीवर सही तुमची आहे. म्हणून तुम्हालाच विचारतेय."

मंत्र्यांनी कॉलरचा माइक काढला आणि ते उठून गेले. टेबलावर मी निर्मात्याच्या आवाजात ओरडत होतो, पण डासाच्या गुणगुणण्याइतकंच. कुणीही लक्ष दिलं नाही. इतका आनंद मला कधीच झाला नव्हता.

बाईंची खुर्ची गेली. नव्या विश्लेषकाच्या कानात मला कोंबून पाहिलं. "टोचतंय हे," तो म्हणाला. टोचणारच! मग मला संपलेल्या बॅटऱ्यांबरोबर एका खणात फेकलं. बाई आपलं सामान न्यायला आल्या आणि त्यांनी मला मागितलं.

"आता कशाला हवाय?" निर्मात्याने विचारलं.

"माझ्या कानाचा साचा तुमच्या खणात का ठेवू?"

घरी त्यांची आई वाट बघत होती. "विचारलंस ते बरं केलंस," ती म्हणाली. "पण केस तरी विंचरून जायचंस."

आता मी बाईंच्या टेबलावर टाचण्यांच्या डबीत असतो. स्टुडिओतले दिवे आठवतात, नाही असं नाही. परवा वाहिनीचा फोन आला, निकालाच्या दिवशी याल का म्हणून. बाईंनी एवढंच विचारलं, "टाकीचा प्रश्न पुन्हा विचारता येईल?" पलीकडचा माणूस मानधनाचा आकडा सांगू लागला. बाईंनी फोन ठेवला आणि स्तंभाचं अर्धं राहिलेलं वाक्य पुरं केलं.

मित्रांनो, आमच्यासारख्या वस्तू पुसून, जपून ठेवा. त्या कानात कशा घालायच्या हे कुणीही शिकवेल. काढायच्या केव्हा, ते मात्र तुमचं तुम्ही ठरवा.