डॅशबोर्डामागची झडप

मुकुलने ती हिरवी, दोन सीटची, छप्पर उघडणारी गाडी बेळगावच्या एका डॉक्टरांकडून घेतली, तेव्हाच ती पंधरा वर्षं चाललेली होती. विद्यानगरच्या कॉलेजात तो मेकॅनिकल शिकवायचा आणि रविवारी दिवसभर त्या गाडीखाली पडलेला असायचा. ह्याला बायको आणली तर तिला आधी पाने-पकडी ओळखायला शिकवावं लागेल, असं त्याची आई अंबूताई येईल त्याला सांगायच्या. दोन वर्षांपूर्वी, नळाला पाणी यायच्या आदल्या दिवशी, गच्चीवरची टाकी धुताना मुकुल घसरून खाली पडला. मानेचा मणका मोडला. जीव वाचला, पण खांद्यांखालचं शरीर त्याचं राहिलं नाही.

धाकटी बहीण नेत्रा धारवाडच्या कोर्टात वकिली करायची. ती आईच्या मदतीला घरी राहायला आली. अशा शरीराला घाम येत नाही, उन्हात घटकाभरात ताप चढतो, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. त्यामुळे मुकुल घराबाहेर पडायचा तो फक्त अँब्युलन्समधून.

या मार्चमध्ये त्यानेच विषय काढला. गाडीचा एसी नीट करून घेशील का, म्हणाला. दोन वर्षांत त्याने स्वतःहून काही मागितलं नव्हतं. नेत्राला इतका आनंद झाला की कशासाठी, हे तिने विचारलंसुद्धा नाही. एसी गार झाला की दर रविवारी सकाळी मुकुलला, तिच्या अण्णाला, केलगेरीच्या तळ्यावर न्यायचं, हे तिने मनाशी ठरवूनही टाकलं.

उणकलला बाबाजीचं गाड्यांच्या एसीचं दुकान होतं. माणूस अळणावरकडचा, सरळ. त्याने गॅस भरून दिला. हवा कोमटच राहिली. पुन्हा तपासलं, कुठे गळती नाही. आठ दिवसांनी तो कॉम्प्रेसर बदलायची भाषा करू लागला, तेव्हा नेत्राने फोन मुकुलच्या कानाशी धरला.

"बाबाजी, बॉनेट उघडा आणि एसीच्या जाड पाइपला हात लावा," मुकुल म्हणाला. "गार आहे?"

"गार आहे की. पाणी सुटलंय त्याला."

"मग गॅसचा दोष नाही. कॉम्प्रेसरचाही नाही. हीटरकडे गरम पाणी नेणारी रबरी नळी आहे ना, ती चिमट्याने दाबून धरा आणि दहा मिनिटं गाडी चालू ठेवा."

दहा मिनिटांनी डॅशबोर्डावरच्या जाळीतून खरंच गार वारा आला. बाबाजी फोनकडे बघतच राहिला. डॅशबोर्डामागे हीटरचं तोंड बंद करणारी एक झडप असते, तिच्यावरचा फोम विरला असणार, मुकुलने समजावलं. गार हवेत गरम हवा मिसळत होती, म्हणून ती कोमट लागत होती. जाळीतून काळा भुगा उडतो का, त्याने विचारलं. उडत होता. त्याच गाडीने कोर्टात जाताना नेत्राच्या पांढऱ्या ब्लाउजवर तो कितीदा पडला होता.

डॅशबोर्डाखालच्या फटीत बाबाजीचा हात जाईना. मग नेत्रा वकिलीचा कोट काढून सीटपुढच्या जागेत उताणी झाली. घरी अंबूताईंनी मुकुलसमोर फोन धरला होता. तारांच्या जुडग्यामागे, अजून डावीकडे, आता बोट वाकव, असं तो सांगत गेला. तिची बोटं सोलवटली. जुना फोम खरवडून तिने नवा चिकटवला, झडप हलवून पाहिली. बाबाजीने जाळीला थर्मामीटर लावला, काटा सात अंशांवर आला. फोनच्या पडद्यावर मुकुलने डोळे मिटून घेतले होते.

पुढच्या रविवारी सकाळी बाबाजीने आणि शेजारच्या दोघांनी मुकुलला उचलून सीटवर बसवलं. मानेला टॉवेलची गुंडाळी, छातीवरून पट्टा. गाडी आधीच गार करून ठेवलेली. उणकल मागे पडलं तसा तो इंजिनाचा आवाज ऐकत राहिला. मध्येच एकदा, गिअर उशिरा टाकतेस, एवढंच म्हणाला.

केलगेरीला तळ्याकाठी तिने गाडी उभी केली, इंजिन चालूच ठेवलं. त्याचा हात उचलून तिने जाळीसमोर धरला.

"गार लागतंय, अण्णा?"

"हाताला कळत नाही गं. तोंडावर लागतंय. छान लागतंय."

थोड्या वेळाने तो म्हणाला, छप्पर उघड. ऊन चढलंय म्हणून ती नको म्हणत होती, पण त्याने पुन्हा सांगितलं. छप्पर मागे गेलं. तळ्यावरच्या वाऱ्याने त्याचे केस विस्कटले. तोंड लाल होऊ लागलं तसा तो कानडीत "साकू", पुरे, म्हणाला आणि तिने छप्पर लावून घेतलं.

"आता ही विकून टाक," तो म्हणाला.

तिला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

"दोष असलेली गाडी मला कुणाच्या गळ्यात घालायची नव्हती. आता ती निर्दोष आहे."

"मी तुला दर रविवारी आणायचं म्हणून..."

"मला ठाऊक आहे. पण तीन माणसं उचलतात तेव्हा मी गाडीत बसतो, नेत्रा. पोत्यासारखा. आज एकदा बसलो. पुन्हा नको."

ती वाद घालू शकली असती, तोच तिचा धंदा होता. पण त्याच्या चेहऱ्याकडे पाहून तिने नुसता गिअर टाकला, या वेळी वेळेवर.

महिन्याभरात शिरसीचा एक कॉफीवाला गाडी घेऊन गेला. गाडी जाताना मुकुलने आपल्याला खिडकीकडे वळवायला सांगितलं नाही.

जूनमध्ये त्या माणसाचा फोन आला. एसी झकास आहे, घाटात हीटर लावला की मात्र डॅशबोर्डातून कटकट आवाज येतो, म्हणाला. नेत्राने फोन मुकुलच्या कानाशी धरला. त्याने शांतपणे सगळं सांगितलं, नवा फोम अजून बसायचा आहे, चार दिवसांत थांबेल, झडप जोराने ढकलू नका. माणसाने आभार मानले. सवडीने गाडी दाखवायला घेऊन येतो म्हणाला, तर मुकुलने नको, घाटातच चालवा, असं सांगितलं.

फोन ठेवल्यावर त्याने भिंतीकडे कुशीवर करायला सांगितलं. तिने केलं, उशी नीट केली. त्याची मान थरथरत होती, पण आवाज येत नव्हता. नेत्रा पलंगाच्या कडेला बसली आणि त्याच्या पाठीवर हात फिरवत राहिली. तिचा हात त्याला कळत नव्हता. तिने थांबवला नाही.