दहा सेकंदांचा हेवा

मित्रांनो, मी एक जुना प्रोजेक्टर आहे आणि स्वभावाने जळका आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे माझ्याविषयी गैरसमज नको.

कारखान्यातून निघालो तेव्हाच माझी चाल ठरली होती. एका सेकंदाला चोवीस चित्रे; एक कमी नाही, एक जास्त नाही. एका चित्रपटगृहाच्या मागच्या छोट्या खोलीत मी सव्वीस वर्षे काम केले. माझा ऑपरेटर रोज मऊ फडक्याने माझी काच पुसायचा. खेळ सुटला की लोक पडद्याचे कौतुक करायचे, पण तो माझ्या पाठीवर थाप मारायचा. मला तेवढे पुरे होते.

मग घरोघरी टीव्ही आले आणि चित्रपटगृहाला कुलूप लागले. ऑपरेटरने मला घरी आणले. घरात त्याची थोरली बहीण, तिचा मुलगा आणि नात राहत होती. बैठकीत टीव्हीला खास कपाट होते आणि त्याच्यावर विणलेला रुमाल होता. मला मागच्या खोलीत जुनी चादर मिळाली. बैठकीतून हसण्याचे आवाज आले की माझा जळफळाट व्हायचा. टीव्हीवर मुंग्या आल्या की मला बरे वाटायचे.

ऑपरेटरच्या या ताईने तरुणपणी एका सिनेमात एकच गाणे म्हटले होते. पुढे घशाचे ऑपरेशन झाले आणि आवाज गेला तो गेलाच. आता ती घोगऱ्या आवाजात जेमतेम बोलायची. एका दुपारी तेच गाणे टीव्हीवर लागले. सगळे धावत जमले. ताईने शेवटपर्यंत ऐकले आणि म्हणाली, "हा माझा आवाज नाही."

"आई, तुझं नाव आलं ना पडद्यावर," मुलगा म्हणाला.

"नाव माझंच आहे. आवाज कुणा दुसरीचा आहे. पातळ, घाईघाईचा."

संध्याकाळी मुलाने हलक्या आवाजात डॉक्टरांची वेळ घेतली. आईची स्मरणशक्ती जाऊ लागली असे त्याला वाटले. ताईला ते ऐकू गेले.

ऑपरेटर मात्र माझ्याकडे आला. त्याने माझा वाळलेला पट्टा बदलला, शिवणयंत्राचे तेल घातले आणि जपून ठेवलेले त्या गाण्याचे रीळ चढवले. सगळ्यांना बोलावून पडदे ओढले. नातीच्या हातात घड्याळ दिले.

"मामाआजोबा, टीव्हीवर हे बरोबर चार मिनिटांचं होतं," ती म्हणाली. तिने ते टेप करून ठेवले होते.

मी सुरू झालो. इतक्या वर्षांनी माझे दात फिल्मच्या भोकांत बसले. गाणे संपले तेव्हा नात म्हणाली, "चार मिनिटं दहा सेकंद."

"सिनेमा सेकंदाला चोवीस चित्रांचा," ऑपरेटरने भाच्याला समजावले, "आणि आपल्याकडचा टीव्ही पंचवीसचा. तो तीच चित्रं भराभर संपवतो, म्हणून आवाज वर चढतो. कुठे कुठे टीव्ही तीसचा असतो, तिथे काही चित्रं पुन्हा दाखवून मेळ घालतात. ताईचं काही बिघडलेलं नाही."

ताई पांढऱ्या भिंतीकडेच बघत होती. "ही मी," ती म्हणाली. "दुसऱ्या ओळीनंतर मी दमाने श्वास घेतला होता. टीव्हीवरची ती बिचारी धड श्वाससुद्धा घेत नाही."

मुलगा तिच्या शेजारी खाली बसला. "चुकलं माझं, आई," तो म्हणाला आणि उठून त्याने डॉक्टरांना नको म्हणून कळवले.

मला वाटले, आता कपाट माझे. कसचे काय! रात्री सगळे पुन्हा टीव्हीपुढे बसले आणि ताई सर्वांत मोठ्याने हसत होती. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. खोटे कशाला बोलू, आजही होतो. त्या बिचाऱ्याचा दोष नाही हे मला कळते. त्याला जी चाल शिकवली, तीच तो चालतो. पण कळणे आणि वळणे यांत अंतर असते.

तर मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखा कुणी पडून असेल, तर वर्षातून एकदा त्याला दोन थेंब तेल घाला. आणि घरातले म्हातारे माणूस म्हणाले, "हे असं नव्हतं," तर त्याला डॉक्टरकडे नेण्याआधी त्याच्याजवळ जरा बसा.