कल्पिताची बाटली
अमिषाची सुट्टी संपली तेव्हा गणराज चार महिन्यांचा होता. ती अलिबागला एका वकिलांकडे टायपिंगचं काम करायची. निघण्याआधी ती पंपाने दूध काढून फ्रीजमध्ये ठेवायची आणि पोराला मोठ्या जावेच्या, कल्पिताच्या, हातात द्यायची.

कल्पिताला मूल नव्हतं. पनवेलपर्यंतचे डॉक्टर झाले, नवस झाले, मग लोकांनी विचारायचंही सोडलं. गणराज दिवसभर आपल्याकडे राहणार म्हटल्यावर तिने जुन्या सुती साड्यांची दुपटी शिवली, पाळण्याला नवी दोरी लावली.

पण गणराज तिच्या हातून दूधच पिईना. मांडीवर खेळायचा, तिच्या बांगड्या ओढायचा; बाटली तोंडाला लावली की चार घोट घेऊन जिभेने निपल बाहेर ढकलायचा. संध्याकाळी मात्र दारात अमिषाचा आवाज आला की तिच्याकडे झेपावायचा, आणि असा प्यायचा की ओटीवर बसलेल्या कल्पिताला त्याचे घोट ऐकू यायचे.

"आई येनार हाय, ठाव हाय त्याला," सासू, ठमी, कौतुकाने म्हणायची. "तिचीच वाट बघतो."

हे शब्द कल्पिताला झोंबायचे. न्हाऊ घालणारी, शेक देणारी, ढेकर काढणारी ती. आणि अमिषाने फक्त येऊन बसायचं! एकदा पाजता पाजता अमिषा सहज बोलून गेली, "ताई, बघा ना, अजून सोडत नाही." कल्पिता आत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी तिने गोधडीची जाड सुई गॅसवर लाल केली आणि निपलच्या भोकात फिरवली. बाटली उलटी धरून पाहिली. आधी थेंब पडायचा, आता धार लागली.

गणराज दचकला, ठसकला, मग गिळत सुटला. न गिळून करतो काय? बाटली रिकामी झाली. कल्पिताने ती न धुता ओट्यावर, सगळ्यांना दिसेल अशी ठेवली.

"सगळं प्यायला?" अमिषाने आल्या आल्या विचारलं.

"माझी सवय झाली आता त्याला," कल्पिता म्हणाली. तिला फार बरं वाटलं.

पुढचे काही दिवस तो रोज बाटली संपवायचा. कधी पिऊन झाल्यावर भसकन ओकायचा. कल्पिता पुसून टाकायची, कुणाला सांगायची नाही. आणि संध्याकाळी आईच्या अंगावर दोनदा ओढून तो पाठीची कमान करून रडायचा. अंगावरचं दूध उतरायला थोडा वेळ लागतो. तेवढा धीर त्याच्यात उरला नव्हता. अमिषाची छाती आधी दगडासारखी झाली, मग हळूहळू हलकी पडत गेली. सकाळी पंपात निम्मंच दूध येऊ लागलं. ती रडायला लागली की कल्पिता गणराजला उचलून घ्यायची. "दे इकडे. माझ्याकडे राहतो तो." आता कळू दे तिला, असं तिच्या मनात यायचं.

शेवटी अमिषा पोराला घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेली. त्यांनी तपासलं आणि म्हणाल्या, "तो ओढत नाही, म्हणून तुझं दूध कमी होतंय. बाटलीतून फार भराभर येत असेल. निपल बघ."

घरी येऊन अमिषाने बाटलीत पाणी भरलं आणि उलटी केली. धार पडली. भोकाची कड वितळून काळपट झाली होती.

कल्पिता अंगणात तांदूळ पाखडत होती. अमिषाने निपल तिच्यासमोर धरलं. "ताई, हे तुम्ही केलंत?"

कल्पिताला नाही म्हणता आलं असतं. तिने सूप खाली ठेवलं. "सगळी भूक तुझ्यासाठी राखायचा गं. मला चार घोट. वाटलं, एकदा तरी माझ्या हातून पोटभर पिऊ दे."

"आणि मी?" अमिषाचा आवाज चिरकला. "तुम्ही मला त्याचे फोटो पाठवता. त्यात तो तुमच्याकडे बघून हसत असतो. मी तिकडे ऑफिसात दुधाने भिजलेला ड्रेस ओढणीने झाकून बसते आणि ते फोटो पुसून टाकते. बघवत नाहीत मला. पण म्हणून मी त्याला तुमच्यापासून तोडलं नाही."

दुसऱ्या दिवशी ती रजा टाकून पोराला घेऊन बोर्ली पंचतनला माहेरी गेली. तिथे ती गणराज अर्धवट झोपेत असताना, शांत खोलीत, त्याला उघड्या अंगाशी धरायची. आधी हाताने दोन थेंब काढून मगच त्याला लावायची. पहिल्यांदा त्याने हिसके दिले. मग रमायला लागला. ठमीने फोनवर ही बातमी ऐकून कल्पिताला सांगितली. "बरं झालं," कल्पिता म्हणाली, आणि त्या रात्री जेवली नाही. बरं झालं होतंच, पण आपल्यावाचून झालं, हे तिला गिळता येत नव्हतं.

अमिषा परत आली ती आईकडचं चोचीचं चांदीचं बोंडलं घेऊन. "आता बाटली नको. यातून हळूहळू पाजा. त्याने तोंड फिरवलं की थांबायचं. उरलं तर उरू दे."

"माझ्याकडे देतेस परत?"

अमिषाने बोंडलं तिच्या हातात ठेवलं. "माझा राग गेलेला नाही," ती म्हणाली. "पण तिकडे कुणाच्याही बांगड्या वाजल्या की तो मान वळवून तुम्हाला शोधायचा. मला आवडलं नाही. पण शोधायचा."

त्या दुपारी गणराजने बोंडल्यातून थोडंसं दूध घेतलं आणि तोंड मिटलं. कल्पिताचा बोंडलं धरलेला हात आपोआप पुन्हा त्याच्या तोंडाकडे गेला होता. तिने तो मागे घेतला आणि दुपट्याच्या टोकाने त्याची हनुवटी पुसली.