आकाश मोकळं आहे

अबू सफ्वानने दुर्बीण आकाशावरून काढली आणि खाली रस्त्याकडे वळवली. दक्षिणेकडून धूळ येत होती. धुळीच्या पुढे सात रणगाडे होते, मागे सैनिकांचे ट्रक. टेकडीखालच्या त्याच्या गावात, कफ्र मरयात, पोचायला त्यांना फार तर अर्धा तास लागणार होता.

डोक्यावर सरकारी विमान घिरट्या घालत होतं. त्याच्यापायीच सकाळी अबू सफ्वानने वॉकीटॉकीवरून गावाला तळघरात पाठवलं होतं. चार वर्षं या टेकडीवर बसून तो हेच करत होता. विमान आलं की सांगायचं, गेलं की सांगायचं. त्याने "आकाश मोकळं" म्हटल्याशिवाय रोटीवाला भट्टी पेटवत नसे. त्याचा शब्द कधी खोटा ठरला नव्हता आणि या गोष्टीचा त्याला, खरं तर, थोडा माजही होता.

आज मात्र वरच्यांनी आणि खालच्यांनी संगनमत केलं होतं. विमानाने लोकांना जमिनीखाली दाबून धरायचं, तोवर रणगाड्यांनी दारात यायचं. गेल्या महिन्यात शेजारच्या गावात लोक विमान जाण्याची वाट पाहत तळघरात बसले आणि दार उघडलं ते सैनिकांनी. तिथले पुरुष पुन्हा कोणाला दिसले नाहीत.

विमान आणि रणगाडे, दोन्ही गोष्टी खऱ्या सांगितल्या, तर कफ्र मरयाचे लोक बाहेर पडायचं की नाही यावर तळघराच्या पायरीवर उभे राहून वाद घालणार. त्याच लोकांत तो लहानाचा मोठा झाला होता.

शाळेच्या तळघरातला वॉकीटॉकी त्याच्या बायकोकडे, फद्वाकडे असे. बटण दाबताना त्याचा अंगठा घसरला. त्याने पुन्हा दाबलं.

"फद्वा, आकाश मोकळं आहे. पण रणगाडे येतायत. सगळ्यांना उत्तरेला काढ, ऑलिव्हच्या बागेतून. आत्ता."

"अहो, नक्की ना? साठ माणसं आहेत इथे. म्हातारी हज्जा वरदा तर तुमच्या तोंडून ऐकल्याशिवाय जागची हलायची नाही."

"मग ऐकव तिला. आकाश मोकळं..."

विमान घरघरत टेकडीवरून अगदी खालून गेलं. बटणावरचा अंगठा उचलायला त्याला उशीर झाला.

"मागे कसला आवाज तो?" फद्वाने विचारलं.

"ट्रॅक्टर."

बावीस वर्षांचा संसार. नवऱ्याला धड खोटं बोलता येत नाही, म्हणून ती पाहुण्यांसमोर त्याची टर उडवायची. तो यंत्र कानाशी घट्ट धरून बसला. त्याला भयंकर भीती वाटत होती.

मग तिचा आवाज आला, पण ती त्याच्याशी बोलत नव्हती.

"ट्रॅक्टर आहे म्हणे. आकाश मोकळं आहे. उठा, पोरं उचला. हज्जा, चपला राहू देत!"

थोड्या वेळाने शाळेच्या दारातून माणसं बाहेर पडली. दुर्बिणीतून चेहरे ओळखू येत नव्हते. शेवटची माणसं झाडांत शिरत असताना बाजारावर बॉम्ब पडला. धूळ आता टेकडीच्या पायथ्याशी आली होती.

वॉकीटॉकी खरखरला.

"तुमचं खोटं सगळ्यांना कळलं," फद्वा धापा टाकत म्हणाली. "शिव्या देतायत तुम्हाला."

"थांबलेत का?"

"छे, पळतायत." तिने आवाज खाली आणला. "अहो, तुमचा ट्रॅक्टर गेला का?"

त्याने वर पाहिलं. विमान बागेच्या दिशेने वळत होतं.

"नाही," तो म्हणाला. "झाडं सोडू नका."